नेटबॉल : खेळाचा प्रारंभ (नाशिक)

सात-सात खेळाडूंच्या दोन संघांत चेंडू फक्त हातांनी फेकून व झेलून खेळला जाणारा खेळ. नवख्या खेळाडूला त्यात सर्वांत आधी अंगवळणी पाडावी लागते ती मर्यादा: चेंडू हाती असताना धावायचे नाही, टप्पे टाकत पुढे न्यायचा नाही आणि नेमून दिलेल्या भागाबाहेर पाऊल टाकायचे नाही.

या मर्यादा आल्या कुठून, याबद्दल एकमत नाही. नेटबॉल ज्यातून निघाला तो बास्केटबॉल जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे सुरू केला, हे निर्विवाद. पुढे न्यू ऑर्लिन्स येथील शिक्षिका क्लॅरा बेअर यांनी नेस्मिथ यांच्याकडून नियम मागवले. सोबतच्या आकृतीतील तुटक रेषा कोणत्या खेळाडूने साधारण कुठे राहावे एवढेच सुचवत होत्या; बेअर यांनी त्या हद्दी समजल्या आणि १८९५ च्या सुमारास तसे नियम छापले, अशी कथा वारंवार सांगितली जाते. ती रंजक आहे, पण इंग्लंडमधील नेटबॉलचा उगम तेवढ्याने उलगडत नाही. अमेरिकेतील स्मिथ कॉलेजच्या शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी त्याआधीच, १८९२-९३ मध्ये, विद्यार्थिनींसाठी मैदानाचे तीन भाग पाडले होते. मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग यांच्या इंग्लंडमधील शारीरिक शिक्षण महाविद्यालयात (आधी हॅम्पस्टेड, १८९५ पासून डार्टफर्ड) बास्केटबॉल अमेरिकी पाहुण्यांमार्फत आला. टोपल्यांऐवजी कडी आणि मैदानाचे तीन भाग ही रीत तेथे १८९७ च्या सुमारास रुजली असे मानतात. त्यामुळे बेरेन्सन यांच्या वळणाचा वारसा अधिक संभाव्य वाटतो. १९०१ मध्ये लिंग असोसिएशनने (इंग्लंडमधील शारीरिक शिक्षण शिक्षिकांची संघटना; नाव स्वीडनचे शारीरिक शिक्षणतज्ज्ञ पेर लिंग यांच्यावरून) नियम छापले. तरीही देशोदेशी खेळाडूंची संख्या वेगवेगळी राहिली; न्यूझीलंडमध्ये बराच काळ नऊ जणींचा संघ असे. १९६० मध्ये कोलंबो येथे सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या काळात नियमांना एकरूपता आली. पहिली विश्वस्पर्धा १९६३ मध्ये इंग्लंडमधील ईस्टबोर्न येथे झाली व ऑस्ट्रेलियाने ती जिंकली.

मैदान ३०.५ × १५.२५ मी. असते. दोन्ही टोकांना ४.९ मी. त्रिज्येचे अर्धवर्तुळ आणि ३.०५ मी. उंचीवर ३८ सेंमी. व्यासाची कडी असते. मागे फळी नसते. गोल करण्याचा अधिकार गोल शूटर व गोल अटॅक या दोघांनाच, तोही अर्धवर्तुळाच्या आतून. सेंटर जवळजवळ सर्वत्र फिरतो, पण दोन्ही अर्धवर्तुळे त्याला वर्ज्य. विंग अटॅक, विंग डिफेन्स, गोल डिफेन्स व गोल कीपर या उरलेल्या जागा. कोणाची जागा कोणती, हे अंगावरच्या बिबवरील अक्षरांवरून पंचाला कळते.

चेंडू हाती आल्यावर तो तीन सेकंदांच्या आत सोडावा लागतो. उडी मारून झेल घेताना जो पाय आधी टेकेल तो टेकलेला पाय. त्यावर गिरकी घेता येते, तो उचलताही येतो. पण पुन्हा जमिनीला लागण्यापूर्वी चेंडू सुटलेला हवा. बास्केटबॉलच्या खेळाडूची पहिली चूक बहुधा येथेच होते: टप्पा टाकायला हात आपोआप खाली जातो. खो-खोवर वाढलेल्या मुलामुलींना उलट हे बंधन परके वाटत नाही. एकदा दिशा घेतल्यावर मागे न वळणे आणि केंद्रपट्टी न ओलांडणे त्यांच्या पायांत आधीच मुरलेले असते. मात्र खो-खोत गडी बाद होतो तो स्पर्शाने. येथे प्रतिस्पर्ध्याला धक्का लागला की नियमभंग. चेंडू फेकणाऱ्याला अडवतानाही त्याच्या टेकलेल्या पायापासून ०.९ मी. अंतर राखावे लागते.

चेंडू ६९ ते ७१ सेंमी. परिघाचा व ४०० ते ४५० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जवळपास फुटबॉलएवढा. त्यामुळे घरातल्या फुटबॉलवर भिंतीशी चेस्ट पास (छातीपासून दोन्ही हातांनी फेक) व शोल्डर पास (खांद्यावरून एका हाताने फेक) यांचा सराव सहज होतो. बास्केटबॉलच्या फळीवर नेम साधण्याचा सराव मात्र दिशाभूल करतो. फळीला आपटून आत जाणारा चेंडू नेटबॉलमध्ये सरळ बाहेर जातो.

भारतीय नेटबॉल महासंघ १९७८ मध्ये स्थापन झाला. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत भारतीय महिला संघ खेळला. देशात पुरुषांचेही संघ आहेत. नाशिकमध्ये विद्यार्थ्याला सोयीची वाट शाळेच्या संघातून जाते. शालेय क्रीडास्पर्धा जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी चढतात आणि जिल्ह्याची पायरी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे असते. पंचवटीतील हिरावाडीचे विभागीय क्रीडा संकुल हे शहरातील मोठे क्रीडाकेंद्र. पावसाळ्यात उघडी मैदाने निसरडी होतात; झेल घेऊन एका पायावर थांबण्याच्या या खेळात गुडघा व घोटा तेव्हा जास्त सांभाळावा लागतो. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या पहाटे अंग गरम व्हायला वेळ लागतो, म्हणून उड्या अंग पुरते गरम झाल्यावरच घेतलेल्या बऱ्या.