धने काढायचे ते दळायच्या आधी: लिनक्सची पॅकेजं

चकलीच्या भाजणीसाठी तांदूळ, डाळी, धने, जिरे भाजून गिरणीवर पाठवतात. घरात कुणाला धने चालत नसतील, तर ते दळायच्या आधी सांगावं लागतं. पीठ डब्यात पडल्यावर धने निवडता येत नाहीत. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर तयार पॅकेज, म्हणजे बसवायला सज्ज प्रोग्रॅम, घ्यावं की सोर्सपासून स्वतः कंपाइल करावं, या प्रश्नाचं मर्म मला इथेच दिसतं.

प्रोग्रॅमरने लिहिलेला सोर्स कोड म्हणजे धान्य. कंपायलर त्याचं प्रोसेसरला कळेल असं पीठ करतो, ती बायनरी. डेबियन, उबंटू, फेडोरा या डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या जाती, हे दळण आपल्या सर्व्हरवर आधीच करून ठेवतात. डेबियन-उबंटूवर 'ॲप्ट इन्स्टॉल' म्हटलं की पॅकेज उतरतं आणि मिनिटाभरात प्रोग्रॅम सुरू. डेबियनच्या १२व्या आवृत्तीत अशी ६४ हजारांहून जास्त पॅकेजं आहेत, आणि त्यात काय घालायचं, काय वगळायचं हे डेबियनच्या लोकांनी ठरवलेलं असतं.

जेंटूमध्ये ते आपण ठरवतो. डॅनियल रॉबिन्स यांच्या या डिस्ट्रोची १.० आवृत्ती २००२ साली आली. इथे 'एमर्ज' ही आज्ञा सोर्स उतरवून घेते आणि आपल्याच मशीनवर कंपाइल करते. निवड करायची ती 'यूझ फ्लॅग'मधून, म्हणजे प्रोग्रॅममधली एकेक सोय चालू किंवा बंद करणाऱ्या खुणांमधून. माझ्याकडे प्रिंटर नाही, म्हणून मी सेटिंगच्या फाइलीत 'कप्स'च्या आधी उणे चिन्ह टाकलं आहे. कप्स ही लिनक्सची छपाईची यंत्रणा. आता काहीही बसवण्याआधी एमर्ज यादी दाखवतो, तेव्हा चालू फ्लॅग लाल आणि बंद फ्लॅग निळे दिसतात. निळं 'उणे कप्स' दिसलं की समजायचं, छपाईचा कोड या प्रोग्रॅममध्ये शिरणारच नाही. वापरात नसलेला कोड मशीनवर नसणं मला फार मोलाचं वाटतं. जे नाहीच, त्यात सुरक्षेचं भोकही सापडत नाही.

बरेच जण मात्र वेगासाठी सोर्सकडे वळतात. तर्क बरोबर आहे: डेबियनची ६४ बिटची पॅकेजं २००३च्या प्रोसेसरवरही चालावीत अशी बांधलेली असतात, नव्या प्रोसेसरच्या खास सूचना त्यात गृहीत धरलेल्या नसतात. पण ग्लिबसीसारखी मूळ लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम वापरतात तो सामायिक कोड) प्रोग्रॅम चालतानाच प्रोसेसर ओळखून योग्य कोड निवडते, व्हिडिओचे डीकोडरही तेच करतात. जड आकडेमोडीत फरक पडू शकतो. रोजच्या कामात तो सहसा जाणवत नाही. केवळ वेग हवा असेल, तर या वाटेला जाऊ नका.

कारण किंमत मोठी आहे. कंपाइल करताना एकावेळी चालणाऱ्या प्रत्येक कामाला साधारण २ जीबी मेमरी धरतात. माझ्या जुन्या लॅपटॉपला ४ जीबी आहे, म्हणजे दोनच कामं. ब्राउझर रात्री लावला, पहाटे वीज गेली आणि त्याचं कंपायलेशन पुन्हा पहिल्यापासून. खरी काळजी सुरक्षेची: ब्राउझरमधलं भोक बुजवणारी आवृत्ती बायनरीवाल्यांना दोन मिनिटांत मिळते, मी मात्र रात्रभर जुन्यावरच.

स्वतः दळलं म्हणून पीठ शुद्ध, असंही नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायची सोय) लॉगिन अर्धा सेकंद रेंगाळताना दिसलं. त्याचा माग काढताना त्यांना एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. तो लपवला होता प्रसिद्ध झालेल्या सोर्सच्या गठ्ठ्यातच, आणि डेबियन किंवा आरपीएम (फेडोराच्या) पद्धतीचं पॅकेज बांधलं जातंय असं दिसलं तरच तो जागा होई. हजारो ओळी न वाचता कंपाइल करणारा माणूसही शेवटी दुसऱ्यावर विश्वासच ठेवत असतो.

डिसेंबर २०२३ मध्ये जेंटूनेच २० जीबीहून जास्त तयार पॅकेजं खुली केली. फ्लॅग जुळले तर तयार पॅकेज उतरतं, नाही जुळले तर कंपाइल होतं. नवख्याने डेबियन घ्यावं. ज्याला एखादा फ्लॅग खरोखर बदलायचा आहे, त्याने हा मधला रस्ता धरावा. माझ्याकडे आता ब्राउझर, लिबरऑफिस आणि रस्ट भाषेचा कंपायलर तयारच येतात. जीटीके (प्रोग्रॅमच्या खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) मात्र कप्स वगळलेलं हवं, म्हणून ते मी अजूनही घरीच दळतो.