उन्हाचा ताप की लघवीतला जंतू?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो. त्यात बाळंतिणीच्या खोलीत शेगडी. तिथलं पंधरा दिवसांचं बाळ तापलं की निदान घरातच होतं: ऊन भोवलं. कधी ते खरंही असतं, अंगातलं पाणी कमी झालं की बाळ तापतं. पण लघवीच्या मार्गातल्या संसर्गानंही असाच ताप येतो आणि नुसतं बघून फरक कळत नाही. म्हणून महिन्याच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे त्याच दिवशी दवाखाना.

मोठा माणूस जळजळ होते म्हणून सांगतो. तान्हं बाळ दूध ओढत नाही, मलूल पडतं, ओकतं, कधी तापायच्या ऐवजी गारच पडतं. दोन आठवडे उलटूनही कावीळ उतरत नसेल तरी लघवी तपासावी. त्या वेळी काविळीची माळ घालणं किंवा 'नजर लागनी' म्हणत मीठ-मिरच्या ओवाळणं म्हणजे जंतूला फुकटचे दिवस देणं. लघवीआधी बाळ रडतं एवढ्यावरून मात्र घाबरू नये. निरोगी बाळंही रडतात.

जंतू बहुधा ई. कोलाय. थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञानं १८८५ मध्ये त्याचं वर्णन केलं, तेही तान्ह्या बाळांच्या शीवरून. आतड्यात तो मुकाट राहतो. लघवीच्या मार्गात शिरला तर धारेबरोबर धुऊन जायला हवा. मग जात का नाही?

त्याच्या अंगावर प्रथिनांचे अतिसूक्ष्म तंतू असतात आणि टोकाला फिम-एच नावाचं प्रथिन. मूत्राशयाच्या अस्तरावरची मॅनोज ही साखर ते पकडतं. फिम-एचचे दोन भाग एकमेकांना टेकलेले असतात तेव्हा साखरेची खाच उघडी, पकड ढिली. धारेचा ताण आला की दोन्ही भाग सुटे होतात, खाच मिटते, पकड घट्ट! सरकफास ओढाल तितका आवळतो, तसंच. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत प्रवाह वाढवल्यावर जंतू अधिकच चिकटलेले दिसले. तंतूचा दांडाही वेटोळ्यांचा. ताणला की उलगडतो, झटका टोकापर्यंत पोचतच नाही. मूत्रपिंडापर्यंत चढणाऱ्या जातींकडे दुसऱ्या साखरेसाठी वेगळे पी-तंतू असतात.

तपासणीतही गोची आहे. लघवीत बुडवायच्या पट्टीवर नायट्राइट, म्हणजे जंतूंनी बनवलेलं रसायन, दिसायला लघवी मूत्राशयात काही तास राहावी लागते. बाळ त्याआधीच मोकळं होतं, म्हणून जंतू असूनही पट्टी कोरी राहते. चिकटवलेल्या पिशवीत त्वचेवरचे जंतू मिसळतात. त्यामुळे कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीसाठी, बारीक नळी घालून किंवा ओटीपोटातून सुईनं लघवी घेतात. आजी कळवळते, पण नमुना शुद्ध मिळतो. या वयात जंतू रक्तातही सापडू शकतात, म्हणून अँटिबायोटिक शिरेतून.

पहिल्या काही महिन्यांत हा संसर्ग मुलग्यांत जास्त दिसतो. काहींच्या मूत्रनलिकेत जन्मजात पडदा असतो, लघवी तुंबते. सोनोग्राफीत मूत्रपिंड फुगलेलं दिसतं. मुलाची धार बारीक आहे, थेंबथेंब येते, हे पायावर घेऊन न्हाऊ घालणाऱ्या आजीला डॉक्टरांच्या आधी दिसतं. तेवढं तिनं दवाखान्यात सांगावं.