स्वस्त भाकरी (मराठवाडा)

भाकरी-पोळीचे धान्य गोरगरिबांना परवडावे म्हणून त्याच्या किमतीतला मोठा वाटा सरकार उचलते, ती व्यवस्था. इजिप्तमध्ये असे अनुदान तयार रोटीवर मिळते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत ते मुख्यतः दाण्यावर, रेशन दुकानातून मिळते. गावाकडे याला ‘कंट्रोलचा माल’ म्हणतात.

केंद्र सरकार गहू आणि तांदूळ हमीभावाने घेते. खरेदी, साठवण व वाहतुकीचा खर्च आणि विक्रीचा दर यांतला फरक म्हणजे अनुदान. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असे दर ठरवले. प्राधान्य (गरीब) कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय (सर्वांत गरीब) कुटुंबाला ३५ किलो धान्य महिन्याला मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे.

मराठवाड्याची खरी अडचण इथेच आहे. इथली भाकरी ज्वारीची आणि अनुदान मात्र गहू-तांदळावर. त्यामुळे जिथे दोन्ही वेळा भाकरी असे, त्या घरांत आता पोळी आणि भात शिजतो. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली लाल मिलो ज्वारी जुन्या माणसांना अजून आठवते. अलीकडे काही जिल्ह्यांत गव्हाऐवजी ज्वारीही वाटली गेली, पण तिची प्रत फार महत्त्वाची. पावसात सापडून काळी पडलेली किंवा गोदामात जुनी झालेली ज्वारी दळली, की पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, राहत नाही. कितीही गरम पाण्यात मळा, थापताना भाकरीच्या कडा चिरतात. असे धान्य फुकट मिळाले तरी चुलीपर्यंत पोचत नाही आणि त्याचा दोष खाणाऱ्यांना देणे अन्यायाचे आहे.

तयार अन्नावरचे प्रयोगही झाले. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली. ती पुढे बंद पडली. २६ जानेवारी २०२० पासूनच्या शिवभोजन थाळीचा दर १० रुपये ठेवला गेला. तीत दोन चपात्या आहेत, भाकरी नाही.

राज्यातल्या शेतकरी-आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत मराठवाड्याचे सगळे जिल्हे येतात. तिथल्या, अन्न सुरक्षा कायद्यात न बसणाऱ्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून माणशी ५ किलो धान्य गव्हाला २ व तांदळाला ३ रुपये दराने मिळे. २०२३ मध्ये धान्याऐवजी माणशी १५० रुपये महिना बँक खात्यात देण्याचे ठरले. पुढे ते १७० झाले. म्हणजे ५ किलोच्या हिशेबाने किलोला ३४ रुपये. धान्य मिळत होते तेव्हा भाववाढीचा भार सरकारवर होता. रोख रकमेत तो शेतकऱ्याच्या घरावर आला, आणि दुष्काळी वर्षात ज्वारीचा भाव नेमका तेव्हाच चढतो जेव्हा त्याच्या स्वतःच्या कणग्या रिकाम्या असतात.