नव्वद दिवसांची नोंद (थायलंड)

थायलंडमध्ये तात्पुरत्या वास्तव्याच्या परवान्यावर सलग ९० दिवसांहून अधिक काळ राहणाऱ्या परदेशी व्यक्तीने आपला राहता पत्ता इमिग्रेशन कार्यालयाला कळवण्याची, आणि देश सोडेपर्यंत पुढे दर ९० दिवसांनी तो पुन्हा कळवत राहण्याची कायदेशीर सक्ती. थाई भाषेत या कामाला ‘राय-ङान तुआ’, म्हणजे शब्दशः ‘स्वतःची वर्दी देणे’, असे म्हणतात. तिचा आधार बौद्ध संवत २५२२ (इ.स. १९७९) च्या इमिग्रेशन कायद्यातील कलम ३७ चे पाचवे पोटकलम हा आहे. नाव वर्दीचे असले तरी कायद्याला हवी असते ती पत्त्याची माहिती, माणसाची हजेरी नव्हे. त्यामुळे स्वतः न जाता पासपोर्ट देऊन दुसऱ्या कोणाला पाठवले तरी नोंद होते. नोंदीला शुल्क नाही.

या नोंदीचा वास्तव्याच्या मुदतीशी काहीही संबंध नाही, आणि नवख्यांचा घोटाळा नेमका इथेच होतो. पुढचे ९० दिवस लिहिलेली पावती हाती पडली की तेवढे दिवस राहण्याची परवानगीही मिळाली, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात परवानगीची अखेरची तारीख पासपोर्टवरच्या शिक्क्यात असते आणि ती वाढवायची तर १,९०० बाट भरून वेगळा अर्ज करावा लागतो. ही दोन स्वतंत्र वेळापत्रके आहेत आणि ती चुकवल्याच्या शिक्षांमध्येही मोठे अंतर आहे.

दिवस मोजताना देशात आल्याची तारीख पहिला दिवस धरतात. मुंबईहून १० जानेवारीला बँकॉकला उतरलेल्या व्यक्तीचा नव्वदावा दिवस, लीप वर्ष नसेल तर, ९ एप्रिलला येतो. नोंद या तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत, म्हणजे २५ मार्च ते १६ एप्रिल या काळात, कार्यालयात करता येते. कागदावर ही सवलत ऐसपैस दिसते. पण १३ ते १५ एप्रिल या सोंगक्रान नववर्षाच्या सरकारी सुट्या आहेत, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर विसंबणाऱ्याच्या हाती मोजकेच कामाचे दिवस उरतात. मधल्या काळात देशाबाहेर जाऊन आल्यास जुनी मोजणी संपते आणि परतल्याच्या दिवसापासून पुन्हा एकपासून सुरू होते. वरचेवर घरी किंवा कामानिमित्त बाहेर जाणाऱ्या नोकरदारावर म्हणूनच कधीकधी वर्षानुवर्षे ही वेळ येत नाही, तर त्याच घरात मुलांच्या शाळेमुळे तिथेच राहिलेल्या पत्नीला ती नियमाने पाळावी लागते. प्रत्येक पासपोर्टची मोजणी स्वतंत्र असते.

अर्जाचा नमुना ‘टीएम ४७’ या नावाने ओळखला जातो. बँकॉकमध्ये तो चाएंग वत्थना रस्त्यावरील सरकारी संकुलात आणि इतरत्र त्या त्या प्रांताच्या इमिग्रेशन कार्यालयात देतात. अधिकारी पुढची तारीख लिहिलेली छोटी पावती पासपोर्टच्या पानाला टाचून देतो. पुढचा हिशोब स्वतः करत बसण्यापेक्षा याच तारखेवर भिस्त ठेवलेली बरी. रजिस्टर्ड टपालानेही नोंद करता येते. त्यासाठी पासपोर्टच्या पानांच्या प्रती आणि स्वतःचा पत्ता लिहून १० बाटचे तिकीट लावलेला परतीचा लिफाफा जोडून सर्व कागद नियत तारखेच्या किमान १५ दिवस आधी पाठवावे लागतात. २०१५ पासून ऑनलाइन सोय आहे, पण पहिली नोंद आणि पासपोर्ट बदलल्यानंतरची पहिली नोंद यांसाठी कार्यालयाची पायरी चढावीच लागते.

सात दिवसांची सवलत उलटली की टपालाने किंवा ऑनलाइन नोंद करता येत नाही, कार्यालयातच जावे लागते. स्वतःहून कार्यालयात येऊन उशीर कबूल करणाऱ्याकडून २,००० बाट दंड घेण्याचा प्रघात आहे. कायद्याची कमाल मर्यादा याहून बरीच वर आहे: कलम ७६ नुसार ५,००० बाटपर्यंत दंड आणि शिवाय नोंद होईपर्यंत दररोज २०० बाटपर्यंत जादा दंड होऊ शकतो. तपासणीत सापडलेल्याला या कलमाची झळ अधिक बसते. याउलट वास्तव्याची मुदतच उलटली, तर दिवसाला ५०० बाट याप्रमाणे कमाल २०,००० बाट दंड होतो. मार्च २०१६ पासून लागू असलेल्या नियमांनुसार ९० दिवसांहून अधिक काळ मुदतबाह्य राहून स्वतःहून देश सोडणाऱ्याला १ वर्ष, तर पाच वर्षांहून अधिक राहिलेल्याला १० वर्षे प्रवेशबंदी होते. मुदतबाह्य राहताना पकडले गेल्यास, मुदत उलटून एक वर्षही झालेले नसले तरी, बंदी ५ वर्षांची असते.

नोंदीच्या वेळी अनेक कार्यालयांत ‘टीएम ३०’ ची विचारणा होते. परदेशी व्यक्ती घरी राहायला आल्यापासून २४ तासांत घरमालकाने किंवा हॉटेलचालकाने द्यायची ही सूचना कलम ३८ खाली येते. ती न दिल्यास घरमालकाला २,००० बाटपर्यंत आणि हॉटेलचालकाला २,००० ते १०,००० बाट दंड आहे. जबाबदारी मालकाची, पण त्याने ती टाळली की खिडकीवर अडून राहतो तो भाडेकरू, आणि परकीय रहिवाशांच्या तक्रारींचे मोठे मूळ ९० दिवसांच्या नियमापेक्षा या त्रांगड्यात असते.

कायम निवासाचा परवाना असलेल्यांना ही नोंद लागू नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या, दहा वर्षांपर्यंतच्या दीर्घकालीन निवासी व्हिसाच्या धारकांना ती वर्षातून एकदाच करावी लागते. भारतातली पद्धत वेगळी आहे: १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्याला साधारणपणे आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदणी करावी लागते, पण त्यानंतर दर तीन महिन्यांनी तोच पत्ता पुन्हा कळवण्याची सक्ती नाही.