हिऱ्याची कट-प्रतवारी

हिऱ्याला पाडलेल्या पैलूंचे कोन, प्रमाणे, सममिती व झिलई तपासून त्या घडणीची प्रत ठरवण्याची पद्धत. ‘कट’ म्हणजे हिऱ्याचा आकार (गोल, चौकोनी, बदामी) नव्हे. त्या आकारात पैलू किती कौशल्याने बसवले आहेत, हे येथे अभिप्रेत आहे. वजन, रंग, निर्मळता व कट या चार कसोट्यांपैकी पहिल्या तीन बव्हंशी खाणीतून येतात. कट मात्र माणसाच्या हातचा, आणि प्रमाणित प्रतवारी नेमकी त्यालाच सर्वांत उशिरा मिळाली.

भारतीय रत्नशास्त्रात हिऱ्याची परीक्षा जुनी असली, तरी ती पैलू पाडलेल्या हिऱ्याची नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात (काळ विवाद्य, इ. स. पू. चौथे ते इ. स. तिसरे शतक असा मोठा पल्ला अभ्यासक धरतात) उत्तम हिरा ‘समकोटिक’, म्हणजे सारख्या टोकांचा, आणि ‘नष्टकोण’ तो निषिद्ध असे म्हटले आहे. बुद्धभट्टाच्या रत्नपरीक्षेत (बहुधा सहावे शतक) सहा टोके, आठ बाजू व बारा धारा हे हिऱ्याचे गुण सांगितले असून त्यांना ‘आकरज’, खाणीतूनच आलेले, असा स्पष्ट शब्द आहे. हे वर्णन नैसर्गिक अष्टफलकी स्फटिकाचे होय. काही लेखक यात कट-प्रतवारीचे मूळ पाहतात. ते ताणलेले वाटते. भूमितीय नियमिततेवर मूल्य ठरवण्याची दृष्टी मात्र येथे निःसंशय आहे.

युरोपात हिरा घासण्याच्या कलेचे जनकत्व ब्रुजच्या लोडविक व्हान बेर्केनकडे (१४७६) दिले जाते. या कथेचा आधार त्याचा वंशज म्हणवणाऱ्या रोबेर द बेर्कां याचे १६६१ चे पुस्तक हाच असल्याने ती आज सहसा ग्राह्य धरत नाहीत. सतराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसच्या पेरुझीने ब्रिलियंट कट (चमक खुलावी म्हणून अनेक पैलू पाडलेली घडण) काढला, या समजुतीलाही समकालीन पुरावा मिळत नाही. ही घडण एका व्यक्तीने शोधण्याऐवजी कारागिरांच्या पिढ्यांनी हळूहळू सिद्ध केली, हे मत अधिक पटण्यासारखे आहे. चमकेसाठी वजनावर पाणी सोडण्याची तयारी कुठवर गेली याचे प्रसिद्ध उदाहरण कोहिनूर : १८५२ मध्ये लंडनला तो पुन्हा घडवला, तेव्हा सुमारे १९१ मेट्रिक कॅरटचा १०५.६ कॅरट राहिला.

आधुनिक प्रतवारीचा प्रारंभ मार्सेल टोल्कोव्स्की याच्यापासून धरतात. अँटवर्पच्या हिरे घडवणाऱ्या घराण्यातील या तरुणाने १९१९ मध्ये लंडनहून ‘डायमंड डिझाइन’ प्रसिद्ध केले. हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४२, म्हणून क्रांतिक कोन जेमतेम २४.४°. याहून तिरपा पडलेला किरण बाहेर न निसटता आतच पूर्ण परावर्तित होतो. खालच्या भागाचा (पॅव्हिलियन) कोन योग्य असेल, तर वरून शिरलेला प्रकाश दोनदा परतून पुन्हा वरूनच बाहेर पडतो आणि वरच्या भागाच्या (क्राउन) उतारावर अपस्करण होऊन रंग फाकतात. या गणिताने त्याने गर्डलच्या (मेखलेच्या, म्हणजे हिऱ्याच्या सर्वांत रुंद कडेच्या) व्यासाच्या प्रमाणात टेबल (माथ्यावरचा सपाट पैलू) ५३ टक्के, क्राउनची उंची १६.२ टक्के, पॅव्हिलियनची खोली ४३.१ टक्के आणि क्राउन व पॅव्हिलियनचे कोन अनुक्रमे ३४.५° व ४०.७५° असे आकडे दिले.

हे आकडे टोल्कोव्स्कीने ‘शोधले’ का, याविषयी मतभेद आहेत. बॉस्टनच्या हेन्री मोर्सच्या कारखान्यात १८७० च्या दशकातच वजनापेक्षा तेजाला महत्त्व देऊन कोन मोजून घासण्याची प्रथा होती, आणि क्राउन ३५°, पॅव्हिलियन ४१° यांच्या आसपासचे कोन अमेरिकेत आधीपासून रुळले होते, असे अलीकडचे अभ्यासक दाखवतात. खुद्द टोल्कोव्स्कीनेही उत्तम घडवलेल्या हिऱ्यांची मापे देऊन ती आपल्या गणिताशी जुळतात असे नमूद केले आहे. म्हणजे कारागिराची नजर तेथे आधीच पोहोचली होती. टोल्कोव्स्कीचे श्रेय त्या नजरेला कारण देण्याचे आहे, आणि ते लहान नाही. त्याचे गणित एका उभ्या छेदापुरते होते. गर्डलची जाडी, लहान पैलूंची लांबी, पाहणाऱ्याच्या डोक्याने अडणारा प्रकाश यांचा विचार त्यात नाही. त्यामुळे ‘टोल्कोव्स्की कट’ म्हणून आज विकला जाणारा हिरा हुबेहूब त्याच्या आकृतीसारखा असतो, असे मानू नये.

पुढे जर्मनीत एपलरने (१९३९ च्या सुमारास) टेबल ५६ टक्के व क्राउन ३३.२° सुचवले, स्कँडिनेव्हियन नियमावलीत (१९६९) टेबल ५७.५ टक्के धरले. ‘आदर्श’ आकडे अनेक असणे हेच सूचक आहे.

अमेरिकेच्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूटने (जीआयए, स्थापना १९३१) रंग व निर्मळतेच्या श्रेणी १९५० च्या दशकात रूढ केल्या. कटची श्रेणी तिच्या अहवालात २००६ मध्ये आली. मधल्या काळात संगणकावर सुमारे ३.८५ कोटी प्रमाणसंच तपासले गेले आणि २,३०० च्या आसपास हिऱ्यांवर ७०,००० हून अधिक प्रत्यक्ष निरीक्षणे घेतली गेली. निष्कर्ष असा की सर्वोत्तम कोन एकच नसतो, परस्परांना सांभाळणाऱ्या कोनांच्या जोड्या असतात : पॅव्हिलियन थोडा उभा झाला तर क्राउन थोडा उतरावा लागतो. म्हणून एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर या पाच श्रेणी पल्ल्यांवर बेतल्या आहेत. एक्सलंटसाठी टेबल ५२ ते ६२ टक्के, क्राउन ३१.५° ते ३६.५°, पॅव्हिलियन ४०.६° ते ४१.८°, पण प्रत्येक माप पल्ल्यात असले म्हणून श्रेणी मिळतेच असे नाही, कारण संयोग पाहिला जातो. तेज, सप्तरंगी झळाळी (फायर), हालचालीतली लुकलुक, व्यासाच्या मानाने वजन, टिकाऊपणा, झिलई व सममिती असे सात घटक विचारात घेतले जातात. क्राउनचा कोन अर्ध्या अंशाच्या आणि पॅव्हिलियनचा ०.२° च्या पटीत नोंदवतात. दोन हिऱ्यांची तुलना करताना हे पूर्णांकन ध्यानात ठेवावे.

अमेरिकन जेम सोसायटीच्या प्रयोगशाळेने (१९९६–२०२२) ० ते १० अशी श्रेणी वापरली. त्यात ० सर्वोत्तम. २००५ पासून तिने किरणमार्ग-गणनेचा आधार घेतला. तिच्या एसेट उपकरणात कोणत्या कोनातून प्रकाश येतो ते रंगांनी दिसते : उंचावरचा लाल, क्षितिजाजवळचा हिरवा, पाहणाऱ्याच्या डोक्याने अडणारा निळा. केवळ आकड्यांवरून अंदाज बांधण्यापेक्षा ही दिशा अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल. जपानमध्ये १९८० च्या दशकात आलेल्या फायरस्कोप या उपकरणातून हिऱ्यात वरून आठ बाण, खालून आठ बदाम (हृदयाकृती) दिसतात; ही आकृती सममितीची साक्ष आहे, तेजाची स्वतंत्र हमी नव्हे.

मापन आता प्रकाशीय स्कॅनर करतात. फिरत्या हिऱ्याच्या छायारेखांवरून ५७ किंवा ५८ पैलूंची प्रतिकृती उभी राहते. दोष मात्र भिंगातूनही ओळखता येतात. पॅव्हिलियन उथळ असेल तर टेबलाखाली गर्डलचे पांढुरके वलय दिसते (‘फिशआय’). फार खोल असेल तर मध्यभाग काळवंडतो (‘नेलहेड’). एक कॅरटचा नीट घडलेला गोल हिरा सुमारे ६.५ मिमी व्यासाचा असतो. व्यास बराच कमी भरला, तर वजन जाड गर्डलमध्ये वा खोलीत दडले आहे असे समजावे. एक कॅरटला भावाची पायरी असल्याने ०.९७ चा सुंदर हिरा करण्याऐवजी १.०० चा मंद हिरा ठेवण्याचा मोह कारखान्यात कायम असतो.

जगातील बहुतेक हिरे आज सुरतेत घासले जातात. तेथील कारागीर वरच्या भागाला ‘मथाळा’ व खालच्याला ‘तळिया’ म्हणतात. व्यापाराचे मोठे केंद्र मुंबई. ऑपेरा हाऊसचा बाजार २०१० नंतर वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्सकडे सरकला. कट, झिलई व सममिती या तिन्हींत एक्सलंट असलेल्या मालाला येथे ‘ट्रिपल एक्स’ म्हणतात.

जीआयएची २००६ ची पद्धत केवळ गोल ब्रिलियंटपुरती होती. चौकोनी, पाचूघाटी, बदामी आकारांत लांबी-रुंदीचे गुणोत्तर बदलत असल्याने एकच तक्ता लागू पडत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याचे प्रकाशीय गुण खाणीतल्यासारखेच असल्याने त्याच्या कटला हेच नियम लागतात.