आडनाव विचारलं की काय बदलतं?

नवीन माणूस भेटला की आपल्याकडे दुसरा तिसरा प्रश्न ‘पूर्ण नाव काय?’ हाच असतो, आणि विचारणाऱ्याला आडनावच हवं असतं हे दोघांनाही माहीत असतं. आता या आडनावाची किंमत मोजता येते का? तर येते.

आपले अमरावतीकडचे अर्थतज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांचा अभ्यास 2007 मध्ये आला. त्यांनी काय केलं तर पेपरातल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना चार हजारांवर अर्ज पाठवले, शिक्षण सारखंच, बदललं फक्त नाव. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याचे ऑड्स, म्हणजे बोलावणं आलेल्या आणि न आलेल्या अर्जांचं प्रमाण, साधारण दोन तृतीयांश निघाले आणि मुस्लिम नावाला तर फक्त एक तृतीयांश. मुलाखत पण झाली नव्हती हो अजून, नुसता कागद वाचून हे!

पण मला जास्त त्रास दिला तो कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थतज्ञांच्या प्रयोगाने. उत्तर प्रदेशातल्या खेड्यातली सहावी सातवीची मुलं, कागदावर भूलभुलैयातून वाट काढायची आणि सुटेल त्या प्रत्येक कोड्याचे पैसे मिळणार. जात कोणी काढली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांनी जवळपास सारखीच कोडी सोडवली. मग दुसऱ्या गटांत सुरू करायच्या आधी सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, गाव आणि जात वाचून दाखवली. एवढंच केलं, तर दलित मुलांची सुटलेली कोडी साधारण पाचव्या हिश्श्याने कमी झाली. डोकं तेच, कोडी तशीच. आमच्या शाळेत स्कॉलरशिपचे फॉर्म वाटताना भर वर्गात ‘बीसीवाले उभे रहा’ म्हणायचे, तेव्हा काही मुलं खाली मान घालून उभी रहायची ते आठवलं आणि तासाभराने त्याच मुलांचा गणिताचा पेपर असायचा.

हे बदलतं का, तर अर्थतज्ञ मॅट लो यांनी उत्तर प्रदेशातच क्रिकेट लीग भरवून पाहिलं. वेगवेगळ्या जातीची पोरं एकाच टीममध्ये खेळली तेव्हा जातीबाहेरच्या मैत्र्या वाढल्या, समोरासमोरच्या टीममध्ये खेळली तर उलट दुरावाच दिसला. म्हणजे नुसतं एका मैदानावर येऊन भागत नाही, धावा एकाच खात्यात जमा व्हायला हव्यात. आपल्या गावातल्या टेनिस बॉलच्या स्पर्धेत टीम कशा पडतात बघा एकदा, बहुतेक ठिकाणी आळीप्रमाणेच पडतात आणि कुठली आळी कोणाची हे गावात सगळ्यांना माहीत असतं.