पोथीनिष्ठांशी वाद

पोथीनिष्ठांशी वाद : एखादा राजकीय, आर्थिक वा सामाजिक सिद्धांत अखेरचे सत्य मानून बोलणाऱ्या व्यक्तीशी, दोघांचीही समज वाढावी या हेतूने केलेली चर्चा. न्यायसूत्रांत, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : सत्यशोधनासाठीचा वाद, केवळ जिंकण्यासाठीचा जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याचे खंडन करणारी वितंडा. पोथीनिष्ठाशी बोलताना वादाचा जल्प लवकर होतो, कारण सिद्धांतावरचा आक्षेप त्याला स्वतःवरचा घाव वाटतो.

अशा वेळी बाहेरून आणलेली आकडेवारी सहसा वाया जाते. प्रत्येक प्रतिकूल घटनेचा खुलासा ज्या सिद्धांताकडे आधीच तयार असतो, तो कोणत्याही पुराव्याने खोटा ठरू शकत नाही, हे विज्ञानाचे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी दाखवले. म्हणून ‘काय घडले तर तुम्ही मत बदलाल?’ हे सुरुवातीलाच विचारावे आणि त्याच प्रश्नाचे आपले उत्तरही तयार ठेवावे.

त्याहून फलदायी मार्ग म्हणजे समोरच्याचा सिद्धांत घटकाभर मान्य करून त्याच्या आत शिरणे. १९८१ साली कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील निपाणीत तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली रास्त भावासाठी महामार्ग रोखला. जोशी यांच्या शेतकरी संघटनेच्या मांडणीत शेतमालाचा भाव हेच ग्रामीण दारिद्र्याचे मूळ होते, तर डाव्यांच्या मांडणीत जमीनधारक आणि मजूर यांचे हितसंबंध एकमेकांच्या विरोधात होते. निपाणीत तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बाया असल्याने दोन्ही मांडण्यांची कसोटी गावातच होती. भाववादी कार्यकर्त्याला विचारता येते, ‘तंबाखूचा भाव वाढला, तर वखारीतल्या बाईची मजुरी कोण वाढवील आणि केव्हा?’ वर्गवादी कार्यकर्त्याला विचारता येते, ‘भाव पडला म्हणून एकरभर रानाच्या मालकाची बायको वखारीत आली, तर तिला कोणत्या वर्गात धरायचे?’ असे प्रश्न सिद्धांताचा अपमान करत नाहीत, त्याला कामाला लावतात; त्यामुळे उत्तर देणाऱ्याला पाठ केलेले वाक्य सोडून विचार करावा लागतो.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नात मतभेद बहुधा तथ्यांचा नसून निकषांचा असतो. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही महाराष्ट्राची सूत्रे. कर्नाटकाचा भर १९५६ची राज्यपुनर्रचना आणि या प्रश्नासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल यांवर. बेळगाव कर्नाटकातच ठेवणाऱ्या त्या अहवालाने निपाणी आणि खानापूर मात्र महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली होती. तेव्हा अहवाल अंतिम मानणाऱ्याने निपाणीबद्दल बोलले पाहिजे आणि खेडे घटक मानणाऱ्या मराठी माणसाने महाराष्ट्रातल्या अक्कलकोट भागातील कन्नडभाषक खेड्यांना तोच न्याय लावला पाहिजे. आपल्याच लोकांना हा दुसरा प्रश्न विचारणे अवघड जाते, पण तो विचारल्याशिवाय पहिला विचारण्याचा अधिकार पोचत नाही.

प्रसंगाची निवडही महत्त्वाची ठरते. १ नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे कर्नाटकाच्या स्थापनेच्या राज्योत्सवाची आणि दुसरीकडे मराठी भाषकांच्या निषेधाची, म्हणजे काळ्या दिनाची, फेरी निघते. त्या दिवशी प्रत्येक वक्ता आपल्या जमावासाठी बोलतो आणि माघार घेणे त्याला परवडत नाही. चारचौघांत ताणून धरलेला मुद्दा तोच माणूस एकट्याने बोलताना सैल करतो, म्हणून असा वाद दोघातिघांत, दोघांनाही येणाऱ्या भाषेत आणि एका बैठकीत निकाल लागण्याची अपेक्षा न ठेवता करावा लागतो.